एकाच खुर्चीवरच्या दोघी

सर, सोळा जून, सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ पाठ आहे, कारण गच्चीवरच्या काचपट्ट्या मी अकराला उतरवायचे आणि त्या घेऊन टेबलाशी यायला दहा मिनिटं लागायची. मी येऊन उभी राहते आहे, आणि तुम्ही टंकलेखकाला सांगताय, “बाईंचं लग्न झालंय. इथून पुढे निबंधांवर नवं नाव घाला.” तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तरी तक्रार तुमच्याकडेच करते, कारण त्या खोलीतलं दुसरं कोणी उरलेलं नाही.

परवा आपल्या संस्थेच्या ग्रंथालयातली मुलगी वारज्याहून स्कूटरवर घरी आली. संस्थेचं स्मरणपुस्तक निघतंय. कोणाच्या निबंधाचा दाखला पुढच्या लोकांनी किती वेळा दिला, कोणी कोणाबरोबर काम केलं, हे तिनं संगणकावरून काढलंय. पडद्यावर ठिपक्यांचं जाळं होतं. मधला मोठा ठिपका तुम्ही. तुमच्यापासून निघालेल्या दोन रेषांच्या टोकांना मी. एकीकडे लग्नाआधीची, एकाच निबंधाची धनीण. दुसरीकडे लग्नानंतरची, बाकी सगळ्या निबंधांची. आम्हा दोघींमध्ये रेषा नाही, कारण आम्ही कधी एकत्र लिहिलेलं नाही. एकाच खुर्चीवर बसत होतो, एवढंच.

“मॅडम, सिस्टीमला तुम्ही दोन व्यक्ती वाटताय,” ती म्हणाली.

“मग चहा दोन कप टाकू की तीन?”

ती हसली, पण पुढचं सांगताना तिचा आवाज खाली आला. गाजरगवताच्या परागांवरचा तो पहिला निबंध आपल्या विभागात सर्वांत जास्त उल्लेखला गेलाय. पुस्तकात त्याच्याखाली छापणार तुमचं नाव, आणि पुढे, ‘सहलेखिका : माहिती उपलब्ध नाही’. गंमत म्हणजे त्याचा उल्लेख सर्वांत जास्त वेळा त्या दुसऱ्या बाईंनी केलाय. स्वतःच स्वतःची पाठ थोपटली की ते वजा करतात म्हणे. माझी थोपट परक्या बाईची समजून जमेला धरली.

“दुरुस्त करता येईल ना?”

“येईल, पण प्रूफ लागेल. दोघी एकच आहात असं को-ऑथरनं लेखी द्यायचं.”

“को-ऑथरना जाऊन एकवीस वर्षं झाली.”

“अरे बापरे. मग मॅरेज सर्टिफिकेट?”

“तेव्हा पत्रिका छापत. तिच्यावर माहेरचंच नाव.”

“तुमचं सर्व्हिस बुक?”

“ते संस्थेच्या वाळवीला विचार.”

तिनं लॅपटॉप मिटला. “काहीतरी जुनं शोधा ना, मॅडम. तीस तारखेला पाचपर्यंत. मग पुस्तक प्रेसला जातं.”

त्या एका निबंधात माझी दोन वर्षं आहेत, सर. काचपट्टीला व्हॅसलीन चोपडायचं, चोवीस तास वाऱ्यावर ठेवायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पराग मोजायचा. डोळे लाल, नाक वाहतंय, आणि तुम्ही दारातून म्हणताय, “बाई, तुमचं नाक उपकरणांच्या यादीत घालू या.” रागावलात एकदाच. मी आजारी होते त्या दिवसाचा आकडा मी आदल्या आणि नंतरच्या दिवसावरून अंदाजानं भरला होता. “न मोजलेलं मोजलं म्हणू नका. रिकामी जागा रिकामी ठेवा.” मला ते नवीन नव्हतं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर कोऱ्या कागदावर आधी नाव घालायला लावत. बिननावाचा पेपर त्या तपासतच नसत. तुम्ही माझा तपासून झालेला पेपर बिननावाचा करून ठेवलात.

लग्नात तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. नावापासून आडनावापर्यंत काही जुनं राहिलं नाही. तांदूळ संध्याकाळपर्यंत डब्यात गेले. तुम्ही मात्र भेट म्हणून त्या नावाचा रबरी शिक्का करवून आणलात, आणि तो जन्मभर उमटत राहिला. मला कोणी विचारलं नाही, हे मी नवऱ्याला सांगितलं, मुलींना सांगितलं, निवृत्तीच्या दिवशी माइकवर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काल माळ्यावरून नोंदवही काढली. सोळा जूनचं पान. वर आदल्या दिवसाची मोजणी, खाली माझी माहेरच्या नावाची सही. त्याखाली, रोज सकाळी दहाला पडायचा तसा, तुमचा हिरव्या शाईतला शेरा : ‘मोजणी पाहिली. पुढच्या निबंधावर कोणतं नाव? जुनं ठेवायचं असल्यास तसं सांगा.’ खाली तुमची सही. त्याखाली माझं अक्षर : ‘नवं.’ आणि पान भरेपर्यंत शिक्के. अकरा आहेत, मोजले. एक तर मी नुसता कसा उमटतो ते पाहायला मारलेला दिसतो, आडवा.

प्रूफ म्हणून त्या मुलीला याहून चांगलं काही नको. दोन्ही नावं, एक हस्ताक्षर, सहलेखकाची सही. पान दिलं की दोघींची एक होईल, आणि त्या एकीनं पन्नास वर्षं काय सांगितलं, तेही ग्रंथालयात जमा होईल.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, त्याच पानात ठेवते आहे. तरीही, नावाचा बदल मला न विचारता झाला, असं तुमच्या सहीनिशी तीस तारखेला सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. साडेचारपर्यंत न आल्यास मी ती वही घेऊन रिक्षात बसलेली असेन.