केसांखालचा चेहरा

सोमवार, ३ जुलै

पाय मोडून आलेत. मोलोहून हारोला दोन खचाखच जीपनी गाड्या बदलून जायचं, तिथे अपंगांच्या केंद्रात दोन तास बाकावर बसायचं, परत दोन जीपनी. बाजारातल्या गाळ्यावर शाळेचे चौदा स्कर्ट शिवायचे पडलेत आणि मी बसलेय ठोकळे बघत!

खेळातले प्लास्टिकचे ठोकळे. केंद्र चालवणाऱ्या ग्लेंडा मॅमनी नवीन टूम काढलीये. सतरा तारखेपासून अपंग सप्ताह, तेव्हा मॉलमध्ये आख्खी गल्ली मांडायची. प्रत्येकाने एक हिरवी पाटी घ्यायची, तिच्यावर आपलं घर बांधायचं आणि त्यात स्वतःला ठेवायचं. बोटभर उंचीचा माणूस असतो — पाय, धड, डोकं, केस, सगळं सुटं. हवं ते जोडा. नियम तीन. डिंक लावायचा नाही. रंग द्यायचा नाही. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही.

माझी धाकटी बहीण फेलिंग घरी येईपर्यंत वाटभर हे तीन नियम म्हणत होती. माझं डोकं उठलं.

जाता जाता ग्लेंडा मॅमनी माझ्याही मांडीवर एक पाटी टाकली. बाई कुबड्यांवर चालते, पण समोरच्याला पळवते. "नुसत्या बसता काय आवेलिना? बांधा काहीतरी." म्हटलं, मॅम, मी फक्त बहिणीला घेऊन येते. "ते दिसतंय मला," म्हणाल्या.

बुधवार, ५ जुलै

फेलिंगने स्वतःसाठी आखूड पाय निवडले. ते लहान मुलांचे असतात, गुडघ्यात वाकतसुद्धा नाहीत. ग्लेंडा मॅमनी विचारलं, "फेलिंग, तू लहान आहेस का?"

"अडतीस वर्षांची आहे," फेलिंग म्हणाली. "लहान नाही. बुटकी आहे."

मग चष्म्याचं तोंड घेतलं. तिचाही चष्मा जाड आहे. पिवळा सदरा, तोही तिच्याकडे आहे. पाच मिनिटांत झाली तयार, एकदाही अडली नाही. डॉक्टरांच्या कागदावर तिचं नाव डाऊन सिंड्रोम. बाजारात याहून वाईट शब्द आहेत, ते मी अडतीस वर्षं ऐकतेय. आणि ही बया आरशात न बघता स्वतःला जोडून मोकळी!

माझी पाटी अजून रिकामी.

गुरुवार, ६ जुलै

स्कर्ट नऊ झाले. डोळे चुरचुरतात. बाकी काही नाही.

रविवार, ९ जुलै

चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर फेलिंगने घर दाखवलं. पाटी घरी आणायची परवानगी आहे म्हणे. चार भिंती, लाल छप्पर, ते उचललं की आत दिसतं. एक खाट. एक खुर्ची. एक ताटली.

मी विचारलं, "माझी खाट कुठाय?"

"नाही."

"मग मी कुठे झोपू?"

"हे माझं घर आहे मनांग," ती म्हणाली. अगदी शांतपणे. मनांग म्हणजे ताई, पण सांगितलं ग्राहकाला सांगावं तसं.

वीस वर्षं झाली आमची आई, नानाय, जाऊन. वीस वर्षं हिची नखं मी कापते. ताप आला की मी जागते. सौदीला शिवणकामाची नोकरी चालून आली होती, सोडली. हिच्यासाठीच सोडली, दुसरं कारण नव्हतं. आणि हिच्या घरात मला एक खाट नाही!

मासे करपले. तिने दोनदा भात घेतला. मला जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११ जुलै

आज माझं हसं झालं.

ग्लेंडा मॅम हात धुऊन मागे लागल्या म्हणून मीही स्वतःला जोडलं. निळा झगा, हसरं तोंड, वर अंबाडा — मी अंबाडाच घालते. ठेवलं टेबलावर. शेजारी जोजी बसला होता, तोही घर बांधायला येतो. आमच्या गाळ्यासमोर त्याचं केस कापायचं दुकान आहे. वडील होते तोवर बिचारा करड्या शर्टात फिरायचा आणि आवाज जाड काढायचा. आता त्याच्या ठोकळ्यांच्या घराचं छप्पर गुलाबी आहे आणि त्याच्या माणसाने झगा घातलाय.

तो माझ्या बाहुलीला मागून बघून हसायलाच लागला. "मनांग, अगं हिला मागे पण तोंड आहे!"

मला कुठे माहीत? या डोक्यांना पुढे एक चेहरा असतो, मागे दुसरा. लांब केस बसवले की मागचा झाकला जातो. अंबाडा बसवला तर मान उघडी, आणि मागून दुसरं तोंड सगळ्या जगाला दिसतं. माझ्या बाहुलीचं मागचं तोंड — कपाळाला आठ्या, ओठ खाली ओढलेले, डोळ्यांखाली रेघा. नवखी माणसं नेहमी हीच चूक करतात म्हणे. सगळे हसले. फेलिंग हसली नाही. तिने बाहुली उचलून डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ मागचं तोंड बघितलं. मग नियम आठवला असावा, पटकन खाली ठेवली.

जोजीने डब्यातून लांब केस शोधून बसवले. "झाकलं. आता कशी गोड दिसतेस."

घरी येऊन आरशापुढे अंबाडा सोडला. काही गोडबीड दिसले नाही.

बुधवार, १२ जुलै

ग्लेंडा मॅमनी आज बाजूला घेतलं. प्रदर्शन झालं की त्यांना ठोकळे निवडून रंगवार लावायला कायमचं माणूस हवंय. आठवड्यातून तीन सकाळी. पगार थोडा, पण पगार. फेलिंग हवी. तिच्याएवढं चोख कोणी निवडत नाही.

"पण ती एकटी येणार," म्हणाल्या. "तुम्ही बाकावर बसलात की मी विचारलेल्याचं उत्तर ती तुमच्या तोंडाकडे बघून देते."

मी नाही म्हटलं. लगेच. अकरा वर्षांपूर्वी मी तिला एकटीला जीपनीत बसवलं होतं. हारोला उतरायचं, एवढंच सांगितलं होतं. उतरली नाही. थेट शेवटच्या थांब्याला, सांता बार्बाराला गेली. दिवसभर शोधलं. तिन्हीसांजेला बाजारात सापडली, एका भाजीवालीच्या टोपलीशेजारी, कपडे ओले, बोलेना. तेव्हापासून तिच्या गळ्यात कार्ड आहे, माझं नाव आणि नंबर. अंघोळीला तेवढं काढते. त्या दिवसाचं काय करायचं, सांगा मॅम, म्हटलं.

मॅम म्हणाल्या, "ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तुम्ही अजून तिथेच उभ्या आहात."

फेलिंग मागेच उभी होती. सगळं ऐकलंन. 

शनिवार, १५ जुलै

भांडलो. तिने कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मी परत गळ्यात घातलं. तिने काढलं. मी घातलं. असं चार वेळा. मग माझा तोल गेला आणि मी ओरडले, "तुझ्यापायी माझं आयुष्य —"

पुढचं गिळलं. पण अर्धं तर बाहेर पडलंच होतं.

तिने भांडी घासली, ओळीने पालथी घातली. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुझं मागचं तोंड आलं."

लाज वाटते आणि रागही येतो. दोन्ही खरं आहे. हे लिहायला मला दुसरी जागा नाही.

सोमवार, १७ जुलै

प्रदर्शन सुरू झालं. लांब टेबल, त्यावर एकतीस घरं, मधून करड्या ठोकळ्यांचा रस्ता. आमची घरं शेजारी शेजारी. माझं म्हणजे काय, भिंती तीन, एक शिलाईचं यंत्र. छपराला वेळच झाला नाही.

लोक माझ्या घरापुढे थांबत होते. बघायला गेले आणि अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बाहुलीला कोणीतरी परत अंबाडा घातलेला. डोकं फिरवलेलं — आठ्यांचं तोंड पुढे! आणि ती आडवी झोपलेली, खाटेवर. माझ्या घरात खाट नव्हतीच.

खाट फेलिंगची होती. तिच्या घरात बघितलं, तिथे आता खुर्ची आणि ताटली.

"हे तू केलंस?"

"हो."

"दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही, हा नियम कोणाचा?" ग्लेंडा मॅम कुबड्या टेकत आल्याच.

"दुसरी नाही," फेलिंग म्हणाली. "मनांग आहे."

"सगळ्यांपुढे माझं असलं तोंड दाखवतेस?" मी दबक्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, "तू दमलीस. दमलेली माणसं झोपतात."

"आणि खाट मला दिलीस, तर तू कुठे झोपणार?"

तिने बोट दाखवलं. रस्त्याच्या टोकाला जीपनीचा थांबा केलाय. तिथे आखूड पायांची, चष्म्याची, पिवळ्या सदऱ्याची बाहुली उभी. एकटी.

"मी घरात नाही. कामाला चाललेय."

 तिची पाठ वळल्यावर मी बाहुलीचं डोकं फिरवून हसरं तोंड पुढे केलं.

बुधवार, १९ जुलै

स्कर्ट पोचवायला निघाले होते, वाटेत मॉलमध्ये डोकावले. फेलिंग तिथे रोज असते, ग्लेंडा मॅम तिला घरून नेतात. आठ्यांचं तोंड परत पुढे आलेलं. मी हात पुढे केला, तेवढ्यात एक अनोळखी बाई हातातल्या पिशव्या सावरत शेजारी उभी राहिली. बराच वेळ वाकून बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही मीच आहे की. कोणी केलीये?"

तोंडून निघून गेलं — "मी."

खोटं नाही. पूर्ण खरंही नाही. तिने फोटो काढला. मी हात मागे घेतला आणि तोंड राहू दिलं. जिन्यावरून उतरताना रडू आलं. एवढ्या लोकांत! पिशवीतल्या नव्या स्कर्टला डोळे पुसले.

रविवार, २३ जुलै

गल्ली मोडली. ज्याने त्याने आपापला माणूस घरी न्यायचा, ठोकळे परत डब्यात. जोजीला त्याचं गुलाबी छप्पर मोडवेना. ग्लेंडा मॅमनी दुसरीकडे बघितलं, तोवर त्याने ते पिशवीत टाकलं.

येताना एक गोष्ट झाली. दुसऱ्या जीपनीत मला झोप लागली. नाटक नाही, खरीखुरी, तोंड उघडं टाकून. जागी झाले ती फेलिंगच्या आवाजाने. "लुगार लांग!" — ती छपरावर थाप मारून जीपनी थांबवत होती. बाहेर बघितलं. आमचीच गल्ली, बेकरीचा कोपरा.

"तुला कसं कळलं?"

"चर्च, मग पूल, मग दाताच्या डॉक्टरची पाटी, मग बेकरी," ती म्हणाली. "तू नेहमी झोपतेस मनांग. मी नेहमी जागी असते."

नेहमी? मला वाटत होतं मी नुसती डोळे मिटून घेते.

ग्लेंडा मॅमना मंगळवारपर्यंत कळवायचंय. मंगळवारी पहिली सकाळ. फेलिंगने विचारलं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बघू म्हटलं. तिला बघू म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे, वीस वर्षं ऐकतेय.

सोमवार, २४ जुलै

काहीच कळवलं नाही. अंग मोडून आलंय. उद्या बघू.

मंगळवार, २५ जुलै

जाग आली तर ऊन पायावर. दहाला दहा कमी! इतकी मी कधी झोपले नाही. घर गप्प. फेलिंगचे बूट नाहीत. कार्ड खिळ्याला टांगलेलं. टेबलावर माझी बाहुली, आठ्यांचं तोंड वर, अंगावर रुमाल पांघरलेला.

चपलेत एक पाय घातला आणि फोन बघितला. ग्लेंडा मॅमचा निरोप, सव्वाआठचा. "पोचली. मनांगला उठवू नका म्हणते."

पाय चपलेतून काढला. परत झोपले.