ढवळ्याशेजारचे तारे

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा चष्मा नवा झाला, हे बाबांकडून कळलं. म्हणजे आता माझ्या चुका आणखी ठळक दिसणार. हरकत नाही, या वेळी मीच आपणहून मान पुढे करते आहे.

सोबत माझा निबंध आहे. महिनाअखेरीस तो निवड समितीपुढे मांडायचा आहे. संस्थेत कायमची जागा एकच आणि उमेदवार दोघे: मी, आणि समोरच्या टेबलावरचा आमचा टापटीप, ज्याच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असतात. जागा मिळाली नाही, तर मला इथून गाशा गुंडाळावा लागेल आणि दुर्बिणीवरचा माझा वेळही जाईल.

विषय थोडक्यात सांगते. तारे सहसा एकेकटे जन्मत नाहीत. एका मोठ्या ढगातून शेकडो तारे जन्मतात, त्यांचा दाटीवाटीचा गुच्छ होतो आणि पुढे बहुतेक वेळा तो पांगतो. आपला सूर्यही बहुधा अशाच गर्दीतला; त्याची भावंडं कुठे गेली, कुणास ठाऊक. तान्ह्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते, आणि तिच्यातूनच पुढे ग्रह घडतात. मी ज्या गुच्छाकडे पाहते, त्याच्या मधोमध एक प्रचंड, तापट तारा आहे. त्याच्याजवळच्या लहान ताऱ्यांच्या तबकड्या झळेने विरलेल्या दिसतात, दूरच्यांच्या बहुतेक भरलेल्या. म्हणून कुणाला ग्रह मिळणार, हे शेजारावर ठरतं. पहिल्याच पानावर लिहिलं आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

फक्त भाषा बघ. उलटतपासणी नको, पाया पडते.

तुझ्या मायेला ओहोटी न लागो,
तुझी भाची,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

निबंध दोनदा वाचला. भाषेत दोष नाही. परंतु भाषा निर्दोष असली की आतला दोष तिच्या आश्रयाने सुखात नांदतो, हे तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला लगेच दिसते. त्याला माझा इलाज नाही.

आधी किरकोळ आक्षेप. म्हणीतले बैल भिन्न वाणाचे आहेत. शेजाराने रंग बदलत नाही, खोड मात्र लागते. तुझे तारे एकाच ढगाचे, म्हणजे वाण मुळातच एक. शिवाय तापट ताऱ्याशेजारी राहून लहान तारा तापट होत नाही. तो नागवला जातो. म्हणीतला पवळ्या ढवळ्यासारखा वागू लागतो, तुझा पवळ्या उपाशी राहतो. म्हण सुंदर आहे, फक्त ती तुझ्या विरुद्ध साक्ष देते.

आता गंभीर आक्षेप. गुच्छातले तारे सतत फिरत असतात, असे तूच लिहितेस. आणि त्याच पानावर, आज कोण कुठे आहे यावरून कुणावर काय गुदरले ते ठरवतेस. आज दूर असलेला तारा काल जवळ नव्हता कशावरून? आजचा पत्ता म्हणजे जन्माचा पत्ता नव्हे. उद्या कोणी तुझ्या सध्याच्या भाड्याच्या खोलीवरून तुझे बालपण ताडू लागला, तर तुझी करमणूकच होईल. याचे उत्तर तुझ्याकडे असेल, तर ते निबंधात नाही. नसेल, तर ‘म्हणून’ हा शब्द तुला वापरता येणार नाही.

तुझ्या वडिलांनी फोन करून, मी दोन शब्द कौतुकाचे लिहावेत, असे सुचवले. ते मी लिहिणारच होते. पण सांगून लिहिलेल्या कौतुकाला किंमत राहत नाही.

माझी माया गृहीत धरावी. तिची सिद्धता मागू नये.
आत्या


१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी कपडा इस्त्रीला दिला होता. तू शिवण उसवून परत पाठवलास.

लहानपणी मी चित्र काढलं, तरी सूर्य डावीकडे असताना झाडाची सावलीही डावीकडेच कशी, हे तूच विचारायचीस. बाकीच्यांच्या आत्या खाऊ आणायच्या. बाबा म्हणतात, तिच्या नादी लागू नकोस, ती यमाकडेही पुरावा मागेल.

पण भोक दिसल्यावर डोळे कसे मिटू? ताऱ्यांच्या वेगांची मोजमापं काढली, आणि कोण कुठून आला असेल ते मागे नेऊन पाहिलं. तुझं खरं निघालं. म्हणूनच तर राग येतो. आज दूर असलेल्यांपैकी बरेच जण एकेकाळी मधल्या ताऱ्याच्या अगदी जवळून गेलेले आहेत. त्यांच्या तबकड्या विरलेल्या निघाल्या असत्या, तर माझं म्हणणं उलट पक्कं झालं असतं. पण नाही! काहींच्या विरलेल्या, काहींच्या धडधाकट. मला वाटतं, जे लवकर जवळून गेले, त्यांना तेव्हा न पांगलेल्या ढगाच्या धुळीने आडोसा दिला. जे उशिरा गेले, ते उघड्यावर सापडले. म्हणजे शेजार कुणाचा एवढंच नाही, तर केव्हाचा. हे दाखवायला आणखी वर्षभर निरीक्षणं हवीत, आणि माझ्याकडे पंधरवडासुद्धा नाही. टापटीपकडे एक सरळ, गुळगुळीत वाक्य आहे. माझ्याकडेही होतं. ते तू काढून घेतलंस.

आणि एक विचारू? तापट ताऱ्याजवळ राहून लहानांचं काय होतं, हे वाचताना तुला कुणाची आठवण झाली नाही का? मी कॉलेजची सगळी वर्षं तुझ्याकडे काढली आहेत.

राग गेला की लोभ मागायला पुन्हा लिहीन.
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

टोमणा पोचला. उपमेने काही सिद्ध होत नाही, एवढेच म्हणते. शिवाय तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा तुझ्याभोवती तुझाच इतका धुरळा होता, की माझी झळ तुझ्यापर्यंत पोचणे अशक्य होते.

गुंता सापडणे ही वाईट बातमी नव्हे. शेजार केव्हाचा, हा प्रश्न शेजार कुणाचा यापेक्षा चांगला आहे, आणि तो तुझा आहे. मी भोक दाखवले. पलीकडे पाहिलेस तू. तो तसाच मांड. पुरावा आहे तिथे ‘आहे’ लिही, नाही तिथे ‘बहुधा’ लिही, आणि पहिल्या पानावरचे बैल सोडून दे. समितीत विचार करणारी माणसे असतील, तर त्यांना तुझी योग्यता कळेल.

जेवणाच्या वेळा पाळ. हा सल्ला आहे, आक्षेप नव्हे.

राग असतानाही लोभ असू शकतो. दोहोंत विरोध नाही.
आत्या


२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जागा टापटीपला मिळाली. तुझ्या वाक्यातला ‘तर’ फसवा निघाला.

तू सांगितलंस तसंच सगळं मांडलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण एका वाक्यात काय? मी म्हटलं, एका वाक्यात होत नाही. कुणीतरी हसलं. मग टापटीप उठला आणि म्हणाला, शेजाराचा काही संबंध नाही, ताऱ्याचं स्वतःचं वजनच सगळं ठरवतं. झालं. कशावरून, असं त्याला एकानेही विचारलं नाही. त्याचं ते वाक्य खोडून काढणारे आकडे माझ्या टेबलावर पडलेत, आणि दुर्बिणीवरचा माझा वेळ आता त्याच्या नावावर लागला आहे. वर तो येऊन सौजन्याने विचारून गेला, की खोकी बांधायला मदत हवी का.

मला बरोबर ठरायचं नव्हतं, आत्या. मला इथे राहायचं होतं.

महिनाअखेरीस खोली सोडते आहे. निबंध कुठेही छापायला पाठवणार नाही. आकड्यांकडे बघवत नाही. बाबा घरी ये म्हणतात, पण ते दिवसभर माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतील. कुठे जायचं, ते ठरलेलं नाही. उत्तर लिहिलंस, तर त्यात मुद्दे नकोत.

लोभ असेल तर असू दे.
भिंगरी


६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मुद्दे नकोत ही अट पाळत आहे, त्यामुळे हे पत्र मला फार अवघड जात आहे.

अध्यक्षांचा मला अतोनात संताप आला. त्यांना पत्र लिहायला घेतले आणि फाडले. इतक्या वर्षांत मी कोणाविषयी अपशब्द कागदावर आणला नव्हता. या वेळी दोन आणले, आणि दोन्ही अचूक होते. तू बरोबर होतीस आणि तुझी जागा गेली, या दोन विधानांना जोडणारा सांधा मला सापडत नाही. तुझ्या वडिलांना विचारले, तर ते म्हणाले, की जगात असेच असते. याला उत्तर म्हणतात, हे मला मान्य नाही. पण हा मुद्दा झाला; तो सोडते.

मागची खोली रिकामी केली आहे. वर्तमानपत्रांचे गठ्ठे रद्दीत दिले, टेबल खिडकीशी लावले. त्याचा एक पाय डगमगत होता; सुताराला बोलावून तो पक्का करून घेतला. तुला चालते तशी पातळ उशी आणली. निबंध पुरा करायचा की फाडायचा, ते तू ठरव. दोन्हीसाठी टेबल लागतेच.

मी तुझ्याकडे बघत बसणार नाही. मला माझी कामे आहेत. दुपारच्या जेवणापर्यंत तुला एकही प्रश्न विचारणार नाही, असे वचन देते. जेवणानंतरचे वचन देणे मला प्रामाणिकपणे शक्य नाही.

खोकी जड असतील, तर त्या टापटीपाला उचलू दे. तेवढा त्याचा उपयोग करून घ्यावा.

येण्याचा दिवस कळव. स्टेशनवर मी स्वतः येईन.
आत्या