नातीला पुन्हा मांडीवर घेतलं

अहो,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाचा. मला फ्लू झाला होता. तुम्ही उगाच धावत आला असता, म्हणून कळवलं नाही.

ताप येताच मी लेकीच्या घरातल्या मागच्या खोलीत वेगळी राहिले. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, फ्लू ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला लागतो." आदल्या दिवशी नात तासभर माझ्या मांडीवर होती! चार दिवस घास उतरला नाही.

पोरीला साधी शिंकही आली नाही. आज दहावा दिवस. खोकला रेंगाळलाय, पण डॉक्टरीणबाई म्हणतात, तो आता कुणाला लागायचा नाही. लेक म्हणाली, "आई, पुरे तुझा तुरुंग. घे हिला!"

तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? खोटं लिहू नका.

अक्षराला हसू नका. उजव्या हाताचं बोट हिने घट्ट धरलंय आणि मला सोडवायचं नाही.

तुमची,
आणि सध्या हिची