एक्क्याण्णव सालची सुट्टी

पनवेल, १९ जानेवारी २०२५

प्रिय अलीभाई,

रविवार, १२ जानेवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. कुमारच्या शोकसभेत तुम्ही माइक धरून म्हणालात, "एक्क्याण्णव साली कुमारने स्वतःची सुट्टी सोडून माझ्या..." तेवढ्यात पुढच्या रांगेत मी दिसले आणि बाकीचं वाक्य तुम्ही गिळलंत. "जाऊ द्या, दिलदार माणूस होता," म्हणून खाली बसलात. भर सभेत माझ्या नवऱ्याची गोष्ट काढायची आणि ती अर्धीच ऐकवायची, ही कुठली रीत?

आठवडाभर फोन करतेय. तुमची बिल्कीस म्हणते, "भाभी, ते नमाजला गेलेत." सकाळी दहाला कुठली नमाज, अलीभाई? माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. मागून "नाही म्हणून सांग" पुटपुटणारा माणूस मला बरोबर ऐकू येतो.

मग मीच डोकं चालवलं. तुम्ही दोघं सैन्यात असताना सिक्कीमच्या त्या चौकीवरून एका वेळी एकालाच घरी सोडत, हे कुमारनेच मला सांगितलेलं. आभाच्या वेळी मी नवव्या महिन्यात होते. डॉक्टरांनी दिलेली मे महिन्यातली तारीख त्याला कळवली होती. तो आला नाही. "साहेबाने सुट्टी रद्द केली," एवढंच कळलं. आणि त्याच मे महिन्यात जासईला तुमचा निकाह झाला. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस हमखास विसरणारा कुमार तुमचा कधी चुकवायचा नाही, मिठाई घेऊन जासईला पळायचा. मला वाटायचं, बिल्कीसच्या बिर्याणीसाठी पळतोय.

तुमचा निकाह दोनदा पुढे गेला होता, बिल्कीसचे वडील चिडले होते, हे मला ठाऊक आहे. तुमचं लग्न मोडावं असं मला तेव्हाही वाटलं नसतं. पण मला कुणी विचारलं?

त्या साहेबाला मी तीस वर्षं शिव्या घातल्या. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, सगळ्या. कुमार शेजारी बसून मान डोलवायचा, "हो ना, फारच वाईट माणूस!" मी रागाने त्या साहेबाला पत्र लिहिलं, तर पाकिटावर तिकीटही ह्यानेच चिकटवलं. टपालात टाकलं का, देव जाणे.

आभा पाच महिन्यांची झाल्यावर तो पहिल्यांदा घरी आला. कोपरापर्यंत हात धुऊन दारातच उभा, तिला घेईना. मी ओरडले तेव्हा घेतलं, मग खाली ठेवेना. रिटायर झाल्यावर तिच्या वेण्या तोच घालायचा, इतक्या घट्ट की पोरीचे डोळे ताणले जायचे. कॉलेजात असताना ती पुण्याहून यायची त्या दिवशी हा पळस्प्याच्या बस थांब्यावर तासभर आधी स्कूटर लावून उभा. हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. पण ज्याने लेकीच्या जन्माच्या वेळची सुट्टी मित्राला देऊन टाकली, तो कोण होता? तुम्ही मागितलीत, की त्याने आपण होऊन दिली? रात्रभर तरी विचार केला का? भांडायचं नाही मला, खरंच नाही. मला कळायला हवं आहे.

आणि माझ्यापेक्षा आभाला. सभेत तीही बसली होती, तिनेही सगळं जुळवलं. परवा भांडी पुसताना अगदी सहज म्हणाली, "म्हणजे आई, सैन्याने नाही अडवलं. बाबांनाच मला बघायची घाई नव्हती." चौकीवर तुम्ही होतात, मी नव्हते. एक तारखेला ती बंगलोरला परत जाईल आणि हे वाक्य सोबत घेऊन जाईल. तेव्हा सुट्टी देताना कुमार काय बोलला, त्याचा चेहरा कसा होता, माझ्या पोटातल्या बाळाचा विषय निघाला का, ते सगळं लिहा. गोड करू नका. वाईट असेल तर वाईट लिहा. फोन नको, तिला स्वतः वाचता आलं पाहिजे. शुक्रवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं.

तुमचीच भाभी,
शशिकला