पाणी चाखणारी

३ तारीख
पोरी, तुझा खोकला गेला का? जावईबापूंची कंबर काय म्हणते? आणि आपल्या चिमणीचा हलणारा दात पडला, की अजून जिभेने ढकलत बसते? मी ठणठणीत आहे. रोज चार ओळी लिहीन आणि ही वही तुला धाडीन. ती वाचून ठरव, तिकडच्या टँकरच्या रांगा सोडून चिमणीला घेऊन माझ्याकडे राहायला यायचं का.

या नव्या गावातली नोकरी मजेची आहे. गावाच्या टाकीवर सकाळी सातला पेलाभर पाणी प्यायचं आणि रजिस्टरमध्ये एक शब्द लिहायचा, गोड किंवा कडू. गोड लिहिलं की व्हॉल्ववाला पाणी सोडतो. तपासायचं यंत्र बिघडल्यापासून हीच पद्धत. खाणावळीत तीस वर्षं रांधलं आणि किराण्याच्या पुड्यांवरून अक्षरं गिरवली, दोन्ही विद्या कामी आल्या. व्हॉल्ववाला म्हणतो, मावशी, नुसत्या पाण्यावर पोट भरणारी बाई तुम्हीच पहिली.

५ तारीख
आज पेला तोंडाला लावला आणि गंजका खिळा चोखल्यासारखं झालं. वरच्या अंगाला चामड्याचा कारखाना आहे, त्याचा नाला थेट नदीत येतो, आणि टाकीत नदीचंच पाणी. मी कडू लिहिलं. टाकीचे साहेब आले. रागावले नाहीत हो. उभ्याउभ्या अख्खा पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, मावशी, गोड तर आहे. व्हॉल्ववाल्यालाही गोड लागलं, झाडूवालीलाही. तिघं एकीकडे आणि मी एकटी. या वयात जिभेचा काय भरवसा, म्हणून माझाच शब्द खोडून गोड लिहिलं.

९ तारीख
खिळ्याची चव आता लागत नाही. साहेब म्हणालेच होते, आठवडाभरात रुळाल.

शेजारणीकडे चहाला गेले होते. तिने उकळतं पातेलं फडक्यावाचून उतरवलं. बोटांवर टरटरून फोड आले. माझा जीव वरखाली झाला, तर ती म्हणते, इश्श, चहा सांडला का मावशी?

१४ तारीख
शेजारणीचा नवरा गेला. त्याच कारखान्यात कामाला होता. दारात माणसं जमली, पण एकाच्याही डोळ्यांत टिपूस नाही. तिच्या सासऱ्यांनी मला विचारलं, उद्या पाणी वेळेवर सोडाल ना?

घरी येऊन जीभ आरशात पाहिली. करडी, शिशासारखी. मीठ चाखलं, मिरची चाखली. सगळी माती.

माझ्या आधी पाणी चाखणाऱ्या म्हाताऱ्याला गाठलं. तो म्हणाला, पहिल्यांदा लागते तीच खरी चव. मग जीभ जाते. साहेबांची केव्हाच गेली. मग दुखणं जातं, शेवटी भीती. बोलताना तो स्वतःचा ओठ चावत होता. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, त्याला पत्ताच नव्हता.

१५ तारीख
पोरी, येऊ नका. चिमणीला इथल्या पाण्याचा थेंबही नको. टपाल आज बंद, उद्या पहिल्या टपालाने वही टाकते.

आज न पिताच कडू लिहायचं ठरवून गेले होते. व्हॉल्ववाल्याने पेला पुढे केला. हात आपोआप — प्यायले. गोड लिहिलं.

१६ तारीख
टपालकचेरीपर्यंत गेले. दार उघडं होतं. आत जायचं राहून गेलं. वाईट वाटायला हवं होतं —

१८ तारीख
चहाने तोंड भाजलं म्हणे. टाळूची साल बोटांत आली तेव्हा कळलं. शेजारीण हसली. मीही.

१९ तारीख
मागची ओळ वाचली. येऊ नका. अक्षर माझंच. का लिहिलं, तेही आठवतं, शब्दन् शब्द. पण त्यात एवढं — ओळ खोडली.

२० तारीख
पाणी गोड आहे. चिमणीसाठी माठ भरून ठेवलाय. वही आज टाकते. लवकर उत्तर लिही, कोणत्या दिवशी येताय.