एक मिनिट बावन्न

२ नोव्हेंबर, शनिवार

आज लिफ्टबाईंच्या गाण्याच्या मिश्रणाचे यथासांग शवविच्छेदन पार पडले. मृत्यूचे कारण — ड्रमचा अतिरेक. शून्य मिनिट चौतीस सेकंदांपासून पुढे बासरीचा श्वास कोंडला आहे, असे मी गंभीर मुद्रेने निवेदन केले. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मागून त्यांचे कान लाल होताना दिसले. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट हाताने चाक फिरवून खाली आणणारी ही बाई, पण पाच मिनिटे गप्प बसणे तिला फार जड जाते!

आमच्या श्रवणमंडळाचा दंडकच तसा आहे. आम्ही सारे हौशी — पोटापाण्याचे उद्योग सांभाळून घरच्या संगणकावर गाणी जुळवणारे. दर शनिवारी चार वाजता कवळीवाल्यांच्या कार्यशाळेत, फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांच्या साक्षीने, एकाचे गाणे तीनदा वाजते: एकदा मोठ्या स्पीकरवर, एकदा फोनवर, एकदा आम्ही दाराबाहेर उभे राहून. ज्याचे गाणे, त्याने भिंतीकडे पाहायचे आणि तोंड उघडायचे नाही. इतरांनी एक गोष्ट राखायला सांगायची आणि एक दोष दाखवायचा, तोही मिनिट-सेकंदासह. विशेषणे वर्ज्य. 'छान' किंवा 'हृदयस्पर्शी' असे काही उच्चारणाऱ्याने सर्वांचे पेले विसळायचे. अस्मादिक पेशाने वजनमापे निरीक्षक. त्यामुळे हा दंडक माझ्या प्रकृतीला मानवतो. मंडळात माझ्या कानाची धास्ती आहे. असावीही.

पुढच्या शनिवारी माझी पाळी. गाणे धाकट्या बहिणीचे आहे, म्हणून नेहमीचा आत्मविश्वास किंचित रजेवर.

कारण नोंदवून ठेवतो. धाकटी शाळेत गाणे शिकवत असे. मार्चमध्ये तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठीबरोबर आवाजाची वरची पट्टीही गेली. तेव्हापासून ती रजेवर. आता शाळेने विचारले आहे — गाण्याचा वर्ग पुन्हा घेणार, की ग्रंथालयात बसणार? तीस तारखेच्या आत कळवायचे आहे. गेल्या आठवड्यात ती माझ्या खोलीत आली, स्वतःच रचलेले दोन कडव्यांचे गाणे एकदाच गायली आणि म्हणाली, "तू नीट कर, दादा. मग ऐकून ठरवते."

शस्त्रक्रियेनंतर ती प्रथमच गात होती. मी माईककडे पाहत राहिलो, तिच्याकडे नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

पहाटेपासून उद्योग. तिच्या आवाजाला घुमारा दिला — रिकाम्या सभागृहात गावे तसा. एकावर एक दोन थर चढवले. आवाज जिथे फाटतो तिथे माझी गिटार पुढे आणली. तत्त्व साधे आहे: सोफ्याचे कापड विरले की तिथे उशी ठेवावी. पाहुण्यांना कळत नाही आणि सोफ्याची अब्रू राहते.

अकराला धाकटी आली. हेडफोन लावून दोनदा ऐकले. ऐकताना खिडकीच्या कडीकडे पाहत होती. मग म्हणाली, "चांगलं झालंय. खूप सांभाळून घेतलंस, दादा." हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली, अर्धा चहा तसाच टाकला आणि गेली.

कृतार्थ वाटले. कार्य सिद्धीस गेले असे समजतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कार्यालयाच्या गाडीत स्वतःचे मिश्रण चार वेळा ऐकले. निर्दोष. लिहिताना संकोच होतो, परंतु रोजनिशीशी खोटे कशाला बोला?

९ नोव्हेंबर, शनिवार

अपमान. सविस्तर लिहितो, म्हणजे उतरेल.

मी भिंतीकडे तोंड केले. भिंतीवर दातांच्या छटांचा तक्ता आहे. सोळा प्रकारचे पिवळे. गाणे तीनदा वाजले. एरवी तिसऱ्या खेपेनंतर लगेच बोलणे सुरू होते. आज कागद फाडल्याचा आवाज आला. कवळीवाल्यांनी प्रत्येकाला कपटा दिला आणि पहिल्या कडव्याचे शब्द लिहायला सांगितले. बराच वेळ पेन्सिली चालल्या नाहीत. मग कवळीवाल्यांनी ते कपटे माझ्या खांद्यावरून पुढे धरले. एकावर दीड ओळ होती. बाकीचे कोरे.

कवळीवाले शांतपणे म्हणाले की हा दोष आपल्या सगळ्यांच्या हातून होतो. ज्याला शब्द पाठ असतात त्याला ते नसले तरी ऐकू येतात. मी त्या खोलीत गाणे ऐकत नव्हतो, आठवत होतो — असा त्याचा अर्थ. लिफ्टबाईंनी एवढी भीडही ठेवली नाही.

"त्या बाई दुसऱ्या खोलीत गातायत. आणि दार तुम्ही ओढून घेतलंय."

इथे मी दंडक मोडला. वळलो आणि बोललो. शस्त्रक्रिया, गाठ, मार्च महिना, शाळा — सारे ओतले. वर विचारले की तुम्हांला काही माणुसकी आहे का. एवढ्या वर्षांत भिंतीकडून वळलेला मी पहिलाच!

कोणी रागावले नाही, हे जास्त वाईट. कवळीवाले चष्मा पुसत म्हणाले, "हे तुम्ही आत्ता सांगितलंत म्हणून कळलं. गाण्यात नाहीये ते कुठे."

पेले मीच विसळले. विशेषणे बरीच झाली होती.

१० नोव्हेंबर, रविवार

कोणाशीही बोललो नाही. पत्नीने विचारले, "आज मौनव्रत का?" मी मान हलवली. "मग पूर्ण महिना ठेवा," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

खिळे-बिजागऱ्यांच्या एका जुन्या दुकानात काटा तपासला. किलोमागे वीस ग्रॅमची चूक. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने. म्हातारा मालक हसून म्हणाला, "साहेब, लोकांना जास्तच जातंय. कोणाचं काय बिघडलं?" मी नेहमीचे प्रवचन दिले — मापाने दया दाखवली की ते माप राहत नाही, कारण उद्या त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विसंबत नाही. काटा नापास केला. म्हाताऱ्याने निमूट सही केली.

पुढच्या दुकानापर्यंत चालत गेलो. गाडीत बसवेना. आपलेच प्रवचन आपल्या मागून चालत येत होते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

रजा टाकली. घुमारा शून्यावर आणला. थर काढले. गिटार खाली नेली.

चाळिसाव्या सेकंदाला आवाज खरवडतो, जमिनीवरून खुर्ची ओढावी तसा. मग सावरतो आणि सुरावर येऊन उभा राहतो. पूर्वी ती त्या सुरावर सहज जाऊन बसत असे. आता तिथे चढावे लागते, आणि चढणे ऐकू येते. आठ महिने मी तिची औषधे आणली, वैद्यांशी वाद घातला, तिच्यासमोर विनोद केले. तिला ऐकले मात्र आज.

मध्येच पत्नी दारात येऊन उभी राहिली. गाणे संपेपर्यंत उभी होती. "ही आपली धाकटी?" एवढेच विचारून आत गेली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

धाकटीला मंडळात नेले. आधी नको म्हणत होती. मी सांगितले की तिथे कोणी कौतुक करत नाही, केले तर भांडी घासावी लागतात. तेव्हा तयार झाली.

ओळख करून देताना माझी जीभ अडखळली. तीच म्हणाली, "मी ह्यांची बहीण. गाणारी." गाणे तिचे, मिश्रण माझे, म्हणून दोघे भिंतीकडे तोंड करून शेजारी बसलो. लहानपणी एकत्र शिक्षा झाली की असेच बसत असू. तीन वेळा वाजले. कागद फिरले, ह्या वेळी पेन्सिली लगेच चालल्या.

कवळीवाल्यांनी राखायची जागा सांगितली: चाळिसावा सेकंद. त्याला हात लावू नका, तिथे मी ऐकायला पुढे सरकलो, म्हणाले. मग लिफ्टबाईंची पाळी. त्या थोड्या थांबल्या. ही बाई आता कनवाळूपणा करणार, अशी मला भीती वाटली, आणि मी ते मनापासून नको म्हणत होतो, ह्याचे मलाच आश्चर्य.

"एक मिनिट बावन्न," बाई म्हणाल्या. "ओळ संपायच्या आधी श्वास संपतो. शेवटचे दोन शब्द घाईत उरकलेत. त्याच्या आधीच्या शब्दावर श्वास घ्या, जागा आहे तिथे."

भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाने बोलायचे नसते. धाकटी बोलली नाही. तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि तिकिटाच्या पाठीवर लिहिले: १.५२.

कोणी तिला धीराची म्हटले नाही. कोणी प्रकृती विचारली नाही. निघताना कवळीवाल्यांनी फक्त पायरी तुटकी असल्याचे सांगितले.

परतताना तिच्या चालीने चाललो. दोन चौक ओलांडले. मग म्हणाली, "मार्चपासून सगळे मला शाबास म्हणतायत. पाणी प्यायले तरी शाबास. आज पहिल्यांदा कोणीतरी चूक सांगितली, दादा."

मी शाळेचे विचारले. "बघू," म्हणाली.

१७ नोव्हेंबर, रविवार

अद्याप तेरा दिवस आहेत. आग्रह करणार नाही, असा निश्चय केला आहे. निश्चय दुपारपर्यंत टिकला. फोन केला, "बघू रे," म्हणाली, आणि तिच्या मागे पाणी उकळल्याचा आवाज येत होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

धाकटी दुसरे कडवे पुन्हा गायली. अकरा वेळा. सातव्या खेपेला मी म्हणालो, हे पुरे. तिने माझ्याकडे पाहिले — लहानपणी मी पत्त्यांत फसवताना सापडलो की पाहत असे तसे. "एक बावन्नला ऐक आणि मग सांग," म्हणाली. ऐकले. घाई होतीच. सांगितले. मान डोलावून पुन्हा उभी राहिली.

नवव्याला खोकला आला, दहाव्यात शब्द चुकला. अकराव्याला श्वास जागेवर पडला, दोन्ही शब्द पूर्ण उभे राहिले. ती बसली. मी तिला कोमट पाणी दिले. शाबास म्हटले नाही. फार कठीण गेले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

एक मिनिट बावन्न: निर्दोष. नवा दोष दोन मिनिटे आठला: अस्मादिकांची गिटार, किंचित मागे पडलेली. धाकटी इतकी हसली की भिंतीवरचा तक्ता हलला. सोमवारी दुरुस्त करीन.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्त केली. तिला पाठवले. उत्तर: "आता ठीक." ह्या दोन शब्दांनी मला जे वाटले, ते विशेषणाशिवाय लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

शाळेबद्दल अवाक्षर नाही. पुढचे चार दिवस कार्यालयातून येताना रोज शाळेवरून जाण्याचा विचार आहे. वाट वाकडी आहे, पण फार नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ठरले. उद्या गाणे पेन ड्राइव्हवर घेऊन मी स्वतः मुख्याध्यापिकांना भेटतो. धाकटीला विचारलेले नाही. ती स्वतःहून ऐकवणार नाही, आणि त्यांनी एकदा ऐकले की प्रश्नच उरत नाही. लिफ्टबाईंचे ते दाराचे वाक्य पत्नीला सांगून बसलो होतो. ती म्हणाली, "तुम्ही पुन्हा दार लावायला निघालात की उघडायला?" मी कपाट उघडले. इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मुख्याध्यापिकांनी गाणे लावायच्या आधी फाइल उघडली. धाकटीचा नकार चार तारखेलाच पोचला होता. चार. ज्या रविवारी तिने माझे मिश्रण ऐकले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. कारणाच्या रकान्यात तिच्या नेटक्या अक्षरात: 'आवाज झाकून ठेवावा लागतो.' गाण्याच्या वर्गाला नव्या बाई दोन आठवड्यांपूर्वीच रुजू झाल्या. मी बसलो होतो तेव्हा वरच्या मजल्यावर मुले गात होती.

म्हणजे वीस तारखेला ती अकरा वेळा गायली, तेव्हा ठरवायचे काहीच उरले नव्हते.

पेन ड्राइव्ह खिशातच राहिला. घरी आल्यावर तिचा निरोप दिसला, सकाळचा: "बुधवारी मोकळा आहेस का? नवं गाणं झालंय."

आहे, असे कळवले.