दोरीवरच्या कपड्यांबाबत जावयाचा खुलासा

कामिगिन, सोमवार

ती. सासूबाई कॉन्सोलासियॉन यांच्या चरणी,

तुमचा उजवा हात माझ्या कपाळाला लागला असं समजून पुढचं लिहितो. इकडे मी आणि तिन्ही मुलं देवदयेने खुशाल आहोत (माझ्या दोन्ही मांड्या, डावा खांदा आणि कंबर सोडून). तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? मुलं लोलाआजीची रोज आठवण काढतात. चिंग तर तुमच्या कोंबड्याचीही काढते. तो पुन्हा आरवायला लागला का, हे तिने विचारायला सांगितलं आहे. काल फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नव्हतं आणि मला तुमचं फारच ऐकू येत होतं. शेवटी "काय ते कागदावर लिहून कळव" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. त्याप्रमाणे लिहितो आहे.

विषय अर्थातच त्या व्हिडिओचा. तुमच्या शेजारणीने तो तुम्हाला दाखवला, आणि तो पाहून तुम्ही ठरवलंत की या घराचा ताळतंत्र सुटला आहे आणि चार वर्षांच्या चिंगला तुम्ही सेबूला घेऊन जाणार. आई, व्हिडिओत दिसतो तो मीच आहे, हे कबूल करतो. अंगावर ते काळं, तंग, पाठीवर फाटलेलं जे काही आहे तेही माझंच (म्हणजे आमच्या क्रीडाशिक्षकांचं, पण त्या वेळी आत मी होतो). भर शर्यतीत मी कपडे काढत होतो, हेही खरं. पण दोरीवरचे. हा फरक तुमच्या शेजारणीने तुम्हाला नीट सांगितलेला दिसत नाही.

मुळात या शर्यतीत मी हौसेने उतरलो, हा तुमचा समज चुकीचा आहे. यंदा बेटावर हौशी लोकांची ट्रायथलॉन ठरली. म्हणजे आधी समुद्रात पाऊण किलोमीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल मारायची, मग पाच किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं एकाच सकाळी, मागे कुणी लागलेलं नसताना. प्रत्येक शाळेने एक शिक्षक द्यावा असं पत्र आलं. त्याची सभा चार वाजता होती. चार वाजता बालवाडी सुटते, त्यामुळे मी चिंगला आणायला गेलो होतो. परत आलो तोवर सभेने मला एकमताने निवडलेलं होतं. आमच्या मुख्याध्यापिका लुमांताव मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही सारखे पळत असता हो. तुमच्याइतका सराव आमच्यापैकी कुणालाच नाही." 

सरावाचं म्हणाल तर तो घर सांभाळून केला. सायकलचा सराव म्हणजे पुढे मासळीची पिशवी, मागे चिंग, आणि दांड्यावर आठ वर्षांचा जेपॉय पाढे म्हणतोय. धावण्याचा सराव जेपॉयचा डबा घरी राहिल्यावर व्हायचा, म्हणजे जवळजवळ रोज. पोहायला संध्याकाळी तिघांना घेऊन किनाऱ्यावर जायचो. मुलं वाळूत आणि मी पाण्यात. दहा हात मारायचे, मान वर काढायची, डोकी मोजायची, एक, दोन, तीन, की पुन्हा दहा हात. फ्रिट्झी तेरा वर्षांची आहे, म्हणजे धाकट्यांवर नजर ठेवायला ती होतीच. पण मोजल्याशिवाय माझा हातच पुढे जाईना.

शर्यतीच्या सकाळी बासष्ट माणसं पाण्यात शिरली. माझ्याखेरीज सगळ्यांनी न्याहारी केलेली दिसत होती. मी मुलांना लसणीचा भात आणि सुकी मासळी खाऊ घातली, आणि जेपॉयच्या ताटात उरलेलं शेपूट तेवढं माझ्या वाट्याला आलं. किनाऱ्यावर नारळाच्या झाडाखाली तिघांना उभं केलं. शिट्टी झाली आणि कोणाचा तरी पाय माझ्या तोंडावर आला. ते असो. पहिले दहा हात झाले, मान काढली, तीन. पुढच्या दहा हातांना, तीन. बाकीचे लोक पाण्यात खुणेला सोडलेल्या लाल पिंपाकडे पाहत पोहत होते आणि मी नारळाकडे पाहत, त्यामुळे जरा तिरका गेलो. पण जात होतो. निम्म्यावर आल्यावर मान काढली तर दोन.

आई, इथे थट्टा करत नाही. पुन्हा मोजले, दोनच. चिंगचा लाल झगा कुठेच नव्हता. त्या क्षणी मला पाणी एकदम गार लागलं. मी तोंड फिरवलं आणि किनाऱ्याकडे हात मारायला लागलो. अंगात इतकं बळ कुठून आलं देव जाणे. पुढे मला सांगण्यात आलं की त्या दिवशी पाण्यात सर्वांत वेगाने मी पोहलो, फक्त उलट्या दिशेने. समोरून येणाऱ्या एक-दोघांना मी धडकलो असेन. तोंडातून पाण्याबरोबर तिचं नाव निघत होतं. तेवढ्यात डाव्या अंगाने आवाज आला, "पपा, तिकडे नाही! सगळे तिकडे चाललेत!"

पाहतो तर जीवरक्षकांची होडी, होडीत मानोय इस्को (तुम्ही गेल्या खेपेला ज्याच्या विंचवासारख्या मिशांना हसला होतात तो), आणि त्याच्या मांडीवर नारिंगी जाकीट घातलेली आमची चिंग. जाकिटाने झगा पार झाकलेला. एका हातात तांदळाचा सुमान, अर्धा खाल्लेला.

"अरे, तीच म्हणाली, माझे पपा बुडणारेत, मला न्या," मानोय म्हणाला. "मला वाटलं, घरच्या माणसाला माहीत असणार. फ्रिट्झीला सांगूनच आणलीय."

मी होडीची कड धरली आणि रडलो. समुद्रात रडण्याचा एक फायदा असतो, तो मी घेतला. चिंगने सुमानचा एक तुकडा माझ्या तोंडात घातला. "होडीला हात लावून राहिलास तर बाद करतील बरं," मानोय म्हणाला, तेव्हा मी कड सोडली. उरलेलं अंतर ती होडी माझ्या शेजारूनच चालली आणि चिंग मला मोजत होती. एकच असल्यामुळे तिची चूक होत नव्हती.

सायकलचं थोडक्यात सांगतो. चिंगची मागची खुर्ची गंजून बसल्यामुळे निघाली नाही, सबब ती घेऊनच गेलो. चढावर एका तरुणाने मला मागे टाकताना विचारलं, "काका, प्रवासी कुठे उतरला?" मी म्हणालो, "होडीत बसला." तो पुढे बराच वेळ मागे वळून पाहत होता.

आणि मग धावणं. ते आपल्या घरासमोरून जातं. कुंपणाशी आलो तर डोंगरावरून काळा ढग उतरताना दिसला आणि दोरीवर तिघांचे आजचे, सोमवारचे गणवेश. दुसरा धुतलेला जोड घरात नव्हता. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी आत शिरलो आणि कपडे काढले. वाकताना पाठीवर ते काळं फाटलं. समोरच्या दुकानातली पिदिंग टाळ्या वाजवत होती असं मला वाटलं. ती एका हाताने फोन धरून होती हे आता कळलं. चिमटे डब्यात टाकले, खिडकी लावली आणि पुन्हा पळालो.

मी पोहोचलो तेव्हा बँडवाले जेवायला बसले होते आणि बाकीचे लोक शेवटची कमान उतरवत होते. फ्रिट्झीने एक खांब धरून ठेवला होता आणि ती कुणाला तरी सांगत होती, "माझे पपा यायचेत अजून. येणारच ते." मी बासष्टावा आलो. लुमांताव मॅडम घड्याळ घेऊन उभ्या होत्या. "सर, शाळेची अब्रू हो! होता कुठे?" मी म्हणालो, "मॅडम, पाऊस येत होता. कपडे काढले." त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं (त्यांनाही चार मुलं आहेत). मग हळूच म्हणाल्या, "वाळले होते का?"

वाळले होते, आई. आज तिन्ही मुलं कडक गणवेशात शाळेत गेली. तेव्हा घर नीट चाललं आहे, चिंगला नेण्याची काहीही गरज नाही, आणि आपण निश्चिंत असावं, ही विनंती. कोंबड्यास आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक जावई,
तिनोंग

ता. क. होडीचा भाग तुमच्या लेकीला, मारिव्हिकला सांगू नये. मस्कतला रुग्णालयात बारा बारा तास उभं राहिल्यावर बाईला झोप हवी. व्हिडिओ तिने पाहिला आहे. ती इतकी हसली की शेजारच्या खाटेवरची नर्स उठून बसली.

ता. क. २. फ्रिट्झीने पत्र वाचलं आणि म्हणाली, "पपा, इतकी पानं झाली, आणि ते लिहिलंच नाहीत." तर ते असं. मारिव्हिक नाताळला येणार नाही. तिचा करार दोन वर्षांनी वाढला आहे. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, पण तुम्हाला सांगायचा तिला धीर होत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. घर नीट चाललं आहे असं मी वर लिहिलं, ते तेवढं खरं नाही. चिंगला नेऊ नका, आई. तुम्हीच या, आणि राहायलाच या. कोंबडाही आणा. समुद्राकडची खोली रिकामी केली आहे, जिना चढावा लागणार नाही.

ता. क. ३. मारिव्हिक रोज विचारते, "आईला कळवलंस का?" आणि मी रोज सांगतो, "लिहितोय." आज पहिल्यांदा खरं बोललो.